दोन दारांचं घर

क्लिफ्टनची गाडी शहरातून गावाकडे निघाली तेव्हा तिच्यात चार जागा रिकाम्या होत्या, आणि डल्सी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून होती. मागच्या दोन जागा नातवंडांच्या. पोरं सरकारी बाईनं ठेवून घेतली होती, तेव्हा त्या रिकाम्या जायच्याच होत्या. पुढची एक मेर्नाची, पण मेर्ना डल्सीला एकटीला सोडून जाईना. उरलेल्या जागेवर डल्सी बसली असती तर दिवे लागायच्या आत घरी पोचली असती. पण गाडी जावयाची होती, आणि जावयाच्या गाडीत सासू बसत नाही.

केस्ट्रेल बोअर या त्यांच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. जावई दिसला की सासू पाठ करते. सासू दिसली की जावई वाट सोडतो. दोघं एका छपराखाली येत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांचं नावही तोंडून काढत नाहीत. त्यात भांडण नसतं. मान असतो, आणि तो जन्मभर सांभाळायचा असतो.

डल्सी उठली, दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, रस्ता बघितला, परत येऊन बसली. पुन्हा उठली.

“मावशी, बस की जरा,” मेर्ना म्हणाली. ही क्लिफ्टनची थोरली बहीण. अंगानं आडवी, तोंडानं तिखट, आणि गेली दहा वर्षं या सासू-जावयांमधला सगळा बोलाचा कारभार तिच्याच तोंडून चाललेला. “बाक झिजवशील सरकारचा.”

“तुझ्या बसण्यानं जास्त झिजतोय.”

“मी बसलीय म्हणून तो जाग्यावर आहे. वारा बघ केवढा सुटलाय.”

वारा खरंच सुटला होता. पावसाला अजून अवकाश होता आणि पश्चिमेकडून रोज तांबडी धूळ येत होती. डल्सीच्या दातांखाली ती करकरत होती. सकाळच्या बैठकीतला केक पिशवीत तसाच पडून होता.

बैठकीला जोआन नावाच्या त्या सरकारी बाईनं खुर्च्या छान गोल मांडल्या होत्या. खोलीला दार मात्र एकच. क्लिफ्टन आधी येऊन आतल्या भिंतीशी बसला होता, आणि डल्सी दारात उभी राहिली. त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. तेव्हा त्या सहा फुटी बाप्यानं सदरा डोक्यावरून ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिला. डल्सी दारातच मागं वळली. जोआननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“तुमचं दोघांचं पटत नाही का?” तिनं विचारलं.

मेर्नानं रीत समजावून सांगितली. बाई वाईट नव्हती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, क्लिफ्टनसाठी शेजारची खोली उघडून दिली, मधलं दार अर्धं लोटून ठेवलं. मग म्हणाली, “तुमच्या रितीबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला एकच सांगा. मेर्ना गावात नसेल आणि पोराला श्वास घेता येत नसेल, तर कोण काय करणार?”



नेमकं तसंच झालं होतं. मेर्ना अर्ध्या गावाबरोबर लांबच्या वस्तीवर मयताला गेली होती. लॉरीन, म्हणजे डल्सीची लेक आणि पोरांची आई, मूत्रपिंडं गेल्यामुळे शहरात मशीनला बांधलेली. घरात क्लिफ्टन आणि दोन पोरं. समोर, मधल्या मोकळ्या जागेपलीकडे, फांद्यांच्या मांडवाखाली डल्सी. एका संध्याकाळी चार वर्षांच्या जॉर्डीला खोकला लागला. क्लिफ्टनला वाटलं, साधा आहे, उतरेल. त्याच्या गाडीची बॅटरी उतरलेली, फोनमधले पैसे संपलेले. डल्सीकडे फोन होता, आणि पोराची छाती कधी बिघडते हे तिला आवाजावरून कळत होतं. त्या दोघांमध्ये एक दगड फेकावा एवढंच अंतर होतं. सकाळी फेरीवर आलेल्या नर्सनं पोराचे ओठ निळे पडलेले पाहिले आणि दवाखान्याचं विमान बोलावलं. पोरगं वाचलं. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आजी किती लांब होती? टेशानं, जॉर्डीच्या नऊ वर्षांच्या बहिणीनं, खिडकीतून एक झाड दाखवलं. म्हणाली, त्या झाडाइतकी.

“पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी पोरांना घेऊन गावात येते,” जोआन म्हणाली. “तोवर मला याचं उत्तर तयार हवं. बोलून नको, डोळ्यांना दिसायला हवं. दिसलं तर पोरं तिथंच राहतील. नाही दिसलं तर समुद्राकडे एक कुटुंब आहे. चांगली माणसं आहेत. घराला पोहायचा तलाव आहे.”

समुद्र म्हणजे रात्रंदिवस गाडी हाणली तरी दोन दिवसांची वाट. डल्सीनं तो जन्मात पाहिला नव्हता, आणि त्या क्षणापासून तिला त्याचा राग आला.

तिला गावी परतायला दुसरी गाडी मिळाली ती दोन दिवसांनी, मेंढ्यांच्या कातडीचा वास मारणारी. मागच्या हौद्यात पिठाच्या पोत्यांवर बसून दोघी आल्या. डल्सीच्या अंगावर धुळीचा थर चढला होता. उतरल्या उतरल्या ती तोंड न धुता पर्सीबाबाकडे गेली.

पर्सीबाबा गावातला सगळ्यात म्हातारा नव्हता, पण रितीच्या बाबतीत त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. सहा वर्षांचा असताना सरकारी माणसांनी त्याला ट्रकमध्ये घालून परक्या घरात वाढवायला नेलं होतं. परत आला तेव्हा मिशी पिकायला लागली होती. आपली भाषा त्याला पोरांच्या रांगेत बसून शिकावी लागली, रीत नात्यातल्या थोरांच्या शिव्या खात शिकावी लागली. उशिरा शिकला म्हणून घट्ट शिकला. ज्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं ते कधीमधी डोळेझाक करायचे. पर्सीबाबा करत नसे.

त्यानं संध्याकाळी पाण्याच्या बोअरजवळ सगळ्यांना बसवलं. एका बाजूला बाया, एका बाजूला बापे, आणि मध्ये हिरव्या फांद्यांचा आडोसा, म्हणजे क्लिफ्टन पलीकडे पाठ करून बसू शकेल. शेकोटीत कांगारूची शेपटी भाजत होती. कुणाला भूक नव्हती, तरी शेपटी भाजायची म्हणून भाजत होती.

“एक सांगू का?” डल्सी म्हणाली. “एका दिवसापुरती रीत बाजूला ठेवा. बाई येईल, आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहू, दोन शब्द बोलू. ती गेली की पुन्हा पाठ करू. माझी लाज मी बघून घेईन.”

“आणि त्याची?” पर्सीबाबा म्हणाला. “तुझी लाज तू बघशील. त्याची कोण बघणार? पोरांची कोण बघणार?”

“पोरं समुद्रावर गेल्यावर तुझी रीत कुणाला शिकवणार आहेस रे म्हाताऱ्या? त्या कुत्र्यांना?”

दोघीतिघी हसल्या. पर्सीबाबा हसला नाही.

“तसल्या घरात मी राहिलोय,” तो म्हणाला. “बूट दिले, केक दिला, वाढदिवस दिला. माणसं चांगलीच होती. परत आलो तर एक बाई समोर येऊन उभी राहिली, नुसती रडत. मी बाजूच्याला विचारलं, ही कोण? ती माझी आई होती. म्हणून म्हणतो. पोरं आणायचीत ती कशात आणायचीत? रीतच मोडून ठेवली तर त्यांना आणून टाकणार कुठं? नुसत्या पत्र्याच्या घरात? ते तर समुद्रावर याच्यापेक्षा बरं आहे.”

डल्सी उठली, शेकोटीतलं लाकूड उगाच हलवलं, बसली.

“आधी एक करा,” पर्सीबाबा म्हणाला. “ज्याच्या पोटात जे आहे ते इथं काढा. बाईला काय दाखवायचं ते मग बघू. पोटात दाबून घर बांधलं तर तेही आजारी पडेल.”

आधी मेर्नानं मयताला गेल्याबद्दल स्वतःला दोन शिव्या घातल्या, आणि तिथं आपण तिसऱ्या दिवसापर्यंत पत्ते खेळत बसलो होतो हेही सांगून टाकलं. मग डल्सी बोलली. आडोशाकडे पाठ होती तिची.

“मला ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “सगळी संध्याकाळ. नंतर खोकला थांबला आणि नुसतं घासल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हाच मला कळलं की हे बरं नाही. लॉरीनचं लहानपणी असंच व्हायचं. मी उठले. अर्ध्यापर्यंत गेले. खिडकीत टेशाचा बाप उभा दिसला, म्हणून मागं फिरले. म्हटलं, मेर्ना येईल. पुन्हा उठले, पुन्हा मागं फिरले. लाजले मी. पोरगं तिकडं मरत होतं आणि मी इकडं लाजत होते.”

आडोशापलीकडून आवाज आला. क्लिफ्टन पर्सीबाबाशी बोलत होता, पण हळू नाही.

“बाबा, मला तिचा जाळ दिसत होता. टेशाच्या आजीचा. ती जागी आहे हे मला ठाऊक होतं. पोराला उचलून दारापर्यंत तीन वेळा आलो मी. ती उघड्यावर उभी होती, म्हणून परत आत गेलो. म्हटलं, ती बसू दे, मग जाऊ.”

म्हणजे दोघंही निघाले होते. दोघांनीही एकमेकांना पाहून पाय मागं घेतला होता. डल्सीनं पदरासारखा स्कर्टचा काठ तोंडावर धरला. पलीकडे पुरुषांमध्ये कुणीतरी नाक शिंकरलं.

भिंतीची कल्पना मेर्नाची. क्लिफ्टनच्या घराला तीन खोल्या होत्या. मधली पोरांची. तिला दोन्ही बाजूंनी दार पाडायचं. एका दारानं बाप येईल, दुसऱ्यानं आजी. बाहेर अंगणाच्या मधोमध पत्र्याची भिंत घालायची, म्हणजे डल्सीचा मांडव थेट घराला आणून टेकवता येईल आणि कुणी कुणाला दिसणार नाही. पर्सीबाबानं बराच विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पत्रे जुन्या खाटीकखान्याचे होते, ते काढायचे, खिळे सरळ करायचे, घरापर्यंत ओढायचे. क्लिफ्टन पहाटे घराशी काम करायचा आणि उन्हं चढली की तारांच्या कुंपणाच्या रोजगारावर जायचा. तो गेला की बाया कामाला लागायच्या. दुपारी पत्रा इतका तापायचा की हातात धरवत नसे. फडकी ओली करून गुंडाळायची, दोघींनी दोन टोकं धरायची आणि चालायचं. वारा पत्र्यात शिरला की पत्रा बायांनाच ओढून न्यायचा.

“धर नीट, उडशील,” मेर्ना म्हणायची.

“उडाले तर बरंच. समुद्रावर उतरून पोरं घेऊन येईन.”

तिसऱ्या दिवशी क्लिफ्टन हातोडा विसरला म्हणून मध्येच परत आला. खाटीकखान्यापासून घरापर्यंत वाट एकच, दोन्ही बाजूंना काटेरी गवत. डल्सी डोक्यावर पत्रा घेऊन वाटेच्या मध्यात होती. तिनं वाट सोडली, गवतात शिरली आणि पत्रा डोक्यावर तसाच धरून पाठ करून उभी राहिली. क्लिफ्टनलाही ती दिसली. त्यानं वाट सोडली आणि पलीकडच्या गवतात शिरला. आता वाट रिकामी, आणि आधी दुसरा जाईल म्हणून दोघं काट्यात उभे. डल्सीच्या हातातून पत्रा सरकला आणि तळवा कापला. शाळेतून पोरं सुटली होती, ती कुंपणावर चढून हसत होती. शेवटी मेर्ना आली आणि गुरं हाकलावीत तसं आपल्या भावाला हाकलून लावलं.

त्या संध्याकाळी लॉरीनचा फोन आला. मशीनवरून उठली की तिचा आवाज खरवडल्यासारखा यायचा.

“काय बांधताय म्हणे तुम्ही? मेर्ना सांगत होती.”

“भिंत. आणि दोन दारं.”

“छान. आणि जॉर्डी आजारी पडला तर? भिंतीला सांगायचं?”

“लॉरीन, तू अशी बोलू नकोस.”

“कशी बोलू मग? दिवसाआड माझं रक्त काढून परत घालतात, आई. मी इथं पडून एकच विचार करते. तिथं दोन मोठी माणसं होती. दोन. आणि पोरगं एकटं होतं. बाईनं विचारलेलं मी विचारतेय. मेर्ना नसली तर काय?”

“मी आता कुठं जात नाय,” बाजूनं ऐकणारी मेर्ना म्हणाली.

“कुणी मेलं की जाशील,” डल्सी म्हणाली. “जायलाच पाहिजे.”

फोन ठेवल्यावर डल्सीनं कापलेल्या हातावर चिंधी बांधली आणि राहिलेले खिळे ठोकून सरळ करत बसली. सगळे झाले तरी उठली नाही. भिंत चांगली होत होती. पण लेकीचं खरं होतं. भिंतीनं लाज झाकली असती. त्या रात्रीचं उत्तर तिच्यात नव्हतं. हे डल्सीला पहिल्या पत्र्यापासून कळत होतं, आणि म्हणूनच तिचा हात थांबत नव्हता. हात थांबला की डोकं सुरू व्हायचं.

बुधवारी भिंत उभी राहिली. दोन्ही दारं उघडत होती, मिटत होती. बायांनी हिरवा पाला आणला, खोल्याखोल्यांतून धूर फिरवला, पोरांच्या गाद्यांवर, खिडकीवर, ज्या कोपऱ्यात जॉर्डी त्या रात्री पडला होता तिथं जास्त वेळ. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरानं की कशानं हे कुणी विचारलं नाही. नंतर पर्सीबाबा आत गेला, एका दारानं शिरला, दुसऱ्यानं बाहेर आला. “चालेल,” म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

गुरुवारी सकाळपासूनच वाऱ्याचं लक्षण ठीक नव्हतं. कुत्री घराखाली जाऊन बसली होती. आकाश पश्चिमेकडून तांबडं होत आलं. डल्सीनं पोरांसाठी राखेतली भाकरी भाजली, घोरपड भाजली, भाकरीवर धूळ बसली म्हणून झटकली, झाकली, पुन्हा उघडून बघितली. भिंतीच्या अलीकडे ती, पलीकडे क्लिफ्टन. त्याच्या बुटांचा आवाज येत होता. तोही एका जागी बसत नव्हता.

पांढरी गाडी वळणावर दिसली आणि त्याच वेळी वारा पत्र्यांच्या पोटात शिरला. आधी एक खिळा सुटला. मग पत्रे एकामागून एक वाजायला लागले. मेर्ना धावली, तिनं कडेचा खांब धरला, पण रेतीतला खांब तो, किती धरणार. आठवडाभर खपून उभारलेली भिंत एका दमात आडवी झाली. आवाज असा झाला की बोअरवरच्या बायासुद्धा पळत आल्या.

डल्सी आणि क्लिफ्टन मोकळ्या अंगणात एकमेकांसमोर उघडे पडले. दोघांनी झटकन पाठ केली. एक पत्रा सुटून उडायच्या बेतात होता. तो बघायला जमलेल्या पोरांवर जाईल म्हणून मेर्ना त्याच्यावर सरळ पालथी पडली, आणि मग तिला उठता येईना, कारण उठली की पत्रा उठणार.

अशा सगळ्या शोभेत जोआन गाडीतून उतरली.

टेशा धावत डल्सीकडे आली, कमरेला मिठी मारून गप्प उभी राहिली. तिच्या अंगाला परक्या साबणाचा वास होता. जॉर्डी बापाकडे पळाला. क्लिफ्टननं त्याला उचललं. जोआन जमिनीवरच्या पत्र्यांकडे बघत होती.

“दाखवायचं होतं ते हेच का?” तिनं विचारलं.

“आत्ताआत्तापर्यंत उभं होतं,” मेर्ना पत्र्यावरून म्हणाली. “थोडं लवकर यायचं ना बाई.”

जोआनच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. थकवा आला. तिनं पर्सीबाबाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं. “मला खरंच वाटत होतं की होईल,” ती म्हणाली. डल्सीला कळलं की आता पोरं चालली.

तेवढ्यात जॉर्डी खोकला.

धुळीनं खोकला असेल, असं सगळ्यांना वाटलं. पुन्हा खोकला. मग खोकला थांबला आणि ते घासणं सुरू झालं. डल्सीची पाठ होती, पण तो आवाज तिनं वाऱ्यातूनही ओळखला. जोआननंही ओळखला. “त्याचं औषध गाडीत आहे,” म्हणत ती पळाली आणि पिशव्या उपसायला लागली.

मेर्ना पत्र्यावर. क्लिफ्टन पोराला घेऊन तिकडे, डल्सी इकडे. अंतर तेच. डल्सीचा एक पाय उचलला गेला आणि थांबला. मागं फिरले तर तो दिसेल. अंगभर तीच लाज चढली, तशीच, त्या रात्रीसारखी, आणि तिला स्वतःची किळस आली.

मागं पत्रा वाजला. कुणीतरी पडलेल्या पत्र्यांवरून चालत होतं. जड बूट. एक पाऊल, मग दुसरं.

“आजी,” टेशा हळूच म्हणाली, “बाबा उलटा येतोय.”

क्लिफ्टननं सदरा डोक्यावरून ओढला होता. पाठ डल्सीकडे करून, पोराला छातीशी धरून, तो मागं मागं येत होता. कुठं खिळा आहे, कुठं कड आहे, काही दिसत नव्हतं त्याला. आणि तो बोलत होता. पोराशी.

“जॉर्डी, आजीला सांग, छाती वाजतीय म्हणावं. गाडीतनं उतरल्यापासनं. आजीला सांग, मला समजंना झालंय.”

पोराला श्वासच पुरत नव्हता, ते काय सांगणार. पण डल्सीनं ऐकलं. दहा वर्षांत पहिल्यांदा जावयाचा निरोप मेर्नाशिवाय तिच्यापर्यंत आला, आणि तो तिच्याशी बोललेला नव्हताच. तिनंही पाऊल मागं टाकलं.

“जॉर्डी, राजा, बापाला सांग, उभं धर म्हणावं. आडवं नको. थोडं पुढं झुकव. मी आले.”

“आजी, अजून,” टेशा म्हणाली. ट्रक मागं घेताना पोरं ओरडतात तशी ती दोघांच्या मध्ये उभी राहून हात हलवत होती. “अजून. बाबा, डावीकडं, खिळा आहे. आजी, बास. बास.”

दोघांच्या पाठी वीतभर अंतरावर थांबल्या. क्लिफ्टननं पोराला कुशीवरून मागं सरकवलं. डल्सीनं न वळता हात मागं नेले आणि कापलेल्या तळव्याला ती गरम, धडधडणारी छाती लागली. तिनं त्याला ओढून पुढं घेतलं, खाली बसली, मांडीवर उभं धरलं, पाठीवर हात ठेवून त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागली. हळू. अजून हळू. जोआन औषध घेऊन आली. डल्सीनं ते तिच्याकडून घेतलं, पोराच्या तोंडाशी धरलं, पुन्हा श्वास घेतला. क्लिफ्टन तिथंच, पाठ करून, सदऱ्याखाली उभा होता. गेला नाही.

हळूहळू ते घासणं कमी झालं. पोराच्या ओठांवर रंग आला.

जोआननं पर्सीबाबाकडे पाहिलं. त्याच्याकडे सगळेच बघत होते. म्हातारा काठीवर टेकून उभा होता.

“तिनं त्याला पाहिलं नाय,” तो म्हणाला. “त्यानं तिला पाहिलं नाय. बोलले ते पोराशी बोलले. पोराशी कुणीही बोलावं.” मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, “हे मला सुचायला पाहिजे होतं.”

जोआन गाडीकडे गेली. आता ही पोरांना परत गाडीत घालणार, असं डल्सीला वाटलं आणि तिनं पोराला घट्ट धरलं. जोआननं मागचं झाकण उघडलं, टेशाची पिशवी काढली, जॉर्डीची पिशवी काढली, आणि दोन्ही आणून पडलेल्या पत्र्यावर ठेवल्या.

“ही भिंत पुन्हा उभी करू नका,” ती म्हणाली. “मी पुढच्या महिन्यात येते. औषध कसं द्यायचं ते दोघांनाही दाखवून जाते. आधी एकाला, मग दुसऱ्याला.”

“मला कुणीतरी उठवा,” पत्र्यावरून मेर्ना म्हणाली.

चार बायांनी मिळून तिला उठवलं. लोक हसायला लागले, मोठमोठ्यानं, उगाचच, इतक्या दिवसांचं साठलेलं. जॉर्डी डल्सीच्या मांडीवर बसून हे सगळं बघत होता. त्याचा श्वास आता पुरत होता. काहीतरी राहिलं आहे अशा चेहऱ्यानं त्यानं बापाच्या पाठीकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं, आणि दिलेलं काम पुरं केलं.

“आजी,” तो म्हणाला, “बाबानं सांगितलंय, माझी छाती वाजतीय. त्याला समजंना झालंय.”

त्या रात्रीही हे पोर बापाच्या कडेवरच होतं. दाराशी उभं राहून बापानं एवढंच पोराला सांगितलं असतं, किंवा डल्सीनं अंधारातून पोराला हाक मारून विचारलं असतं, तर झालं असतं. दोघांनी निरोप्या शोधला, आणि निरोप्या कडेवर खोकत होता.

“सांगितलंस ना बाळा,” ती म्हणाली. “पोचलं मला.”

आणि मग ती रडायला लागली, सगळ्यांच्या देखत, तोंड न झाकता. क्लिफ्टन पाठमोराच होता. त्याचे खांदे हलत होते, तेवढे तिच्या सावलीशेजारच्या सावलीत तिला दिसले, आणि तिनं नजर काढून घेतली.